गर्व, लीनता आणि पंडिता रमाबाई



ख्रिस्ती मंडळीत लीनतेचा उपदेश जितक्या वेळा कानांवर पडतो तितक्या वेळा दुसऱ्या कोणत्याही सद्गुणाचा क्वचितच पडत असेल. आणि तरीही लीनता म्हणजे नेमके काय, ती प्रथम कोणी अंगी बाणवावी आणि ती बाणते तरी कशी, हे प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहतात. ज्याच्या हाती अधिकार असतो तो अधिकार नसलेल्याला नम्र होण्यास सांगतो, ऐकणारा मान खाली घालतो आणि उपदेश सफल झाला असे दोघेही समजून चालतात. पण या व्यवहारात गर्व कमी झाला तो कोणाचा? सांगणाऱ्याचा, की ऐकणाऱ्याचा? आणि ऐकणाऱ्यापाशी गर्व करण्याजोगे मुळात काही उरलेच नव्हते, तर मग त्याच्याकडून काढून घेतले ते काय? आजच्या विवेचनाचा सारा रोख या प्रश्नाकडे आहे. ख्रिस्ती परंपरेने गर्व कशाला म्हटले ते आधी पाहावे लागेल; ख्रिस्ताच्या चरित्राने लीनतेला कोणता अर्थ दिला आणि मठवासीयांनी तो नित्याच्या दिनक्रमात कसा उतरवला हे त्यानंतर पाहता येईल; आणि मग, अधिक सावकाशपणे, एका मराठी विदुषीवर गर्विष्ठपणाचा जो आरोप झाला त्याची छाननी करावयाची आहे.

चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या तपस्व्यांनी स्वतःच्या मनाचे अतिशय बारीक निरीक्षण केले. इ. स. ३९९ मध्ये निवर्तलेल्या इव्हाग्रियसने साधकाला छळणाऱ्या आठ दुर्विचारांची यादी केली आणि तिच्या शेवटी दोन विकार मुद्दाम वेगवेगळे नोंदवले: एक कीर्तिलोभ आणि दुसरा गर्व. कीर्तिलोभ म्हणजे लोकांनी आपल्याला चांगले म्हणावे ही हाव; तिला निदान लोकांची तरी गरज असते. गर्व म्हणजे आपले चांगुलपण आपल्याच बळावर उभे आहे, त्यासाठी देवाच्या कृपेची गरज लागली नाही, ही धारणा; तिला कोणाचीच गरज नसते. हेच चिंतन पुढे जॉन कॅसियनने पश्चिमेकडील ख्रिस्ती जगात नेले आणि कीर्तिलोभाला त्याने कांद्याची उपमा दिली, कारण एक पापुद्रा सोलावा तर खाली दुसरा असतोच. उंची वस्त्रांचा मोह सुटला की साध्या वस्त्रांचा तोरा सुरू होतो; उपवास चारचौघांत मिरवणे सोडले की तो लपवून ठेवल्याचे समाधान मनात घर करते. इतर विकार माणसाच्या दुष्कृत्यांवर पोसले जातात, तर हे दोन त्याच्या सत्कृत्यांवर पोसले जातात, आणि म्हणूनच धार्मिक माणसाला त्यांचा धोका सर्वांत अधिक असतो. इ. स. ५९० ते ६०४ या काळात पोप असलेल्या थोर ग्रेगरींनी सात मुख्य पापांची मांडणी केली तेव्हा गर्वाला त्या सातांत न बसवता त्या सर्वांचे मूळ म्हणून वेगळे काढले, ते याच जाणिवेतून.

लूककृत शुभवर्तमानातील परूशी आणि जकातदार यांचा दाखला या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. दाखला इतका परिचित झाला आहे की परूश्याला ढोंगी ठरवून वाचक मोकळा होतो. पण मूळ कथेत तो ढोंगी असल्याचे कोठे म्हटले आहे? तो आठवड्यातून दोनदा खरोखर उपास करतो, मिळकतीचा दशांश खरोखर देतो, आणि प्रार्थनेचा आरंभही देवाचे आभार मानून करतो. त्याचे पुण्य खरे आहे. बिघाड आहे तो त्याच्या नजरेत, कारण देवासमोर उभा राहूनही तो मागे उभ्या असलेल्या जकातदाराशी स्वतःची तुलना करतो आहे. त्याची ही तुलना थांबली असती तर त्याच उपासाचे आणि त्याच दशांशाचे मोल वेगळे झाले असते. ऑगस्टीनसारख्या महान आचार्यानेही बिशप झाल्यानंतर लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात असे मान्य केले आहे की लोकांच्या स्तुतीचा मोह कितपत सुटला हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही, कारण भोजनाचा मोह भोजन सोडून तपासता येतो, पण स्तुतीचा मोह तपासण्यासाठी चांगले वागणे सोडून पाहता येत नाही. गर्वाविषयी इतके प्रांजळ लिखाण ख्रिस्ती वाङ्मयात फार थोडे आहे.

गर्वाचे स्वरूप असे असेल तर लीनता म्हणजे स्वतःला कमी लेखणे, असे उत्तर पुरे पडेल का? ते पुरे पडत नाही, कारण स्वतःला कमी लेखणारा मनुष्यही अखेर स्वतःकडेच पाहत असतो.

खरे उत्तर शोधण्यासाठी फिलिप्पै नगराकडे वळावे लागते. मासेदोनियातील हे नगर रोमन वसाहत होते, इ. स. पू. ४२ मधील लढाईनंतर तेथे निवृत्त रोमी सैनिकांना वसवण्यात आले होते, आणि नागरिकत्व, पदव्या, मानाच्या पायऱ्या यांचा अभिमान तेथील हवेतच होता. त्या समाजात सन्मान हे जीवनाचे ध्येय आणि लीनता ही दासाची अवस्था मानली जाई. तिला सद्गुण म्हणण्याचे कोणाच्या मनातही आले नसते. अशा नगरातील लहानशा मंडळीला प्रेषित पौलाने कैदेतून पत्र लिहिले आणि त्यात ख्रिस्ताचे चित्र उतरत्या पायऱ्यांनी रेखाटले: देवाच्या रूपात असलेला तो स्वतःला रिक्त करतो, दासाचे रूप घेतो, मनुष्य होतो, मरण पत्करतो, आणि मरणही वधस्तंभावरचे. वधस्तंभ ही रोमी साम्राज्यात प्रामुख्याने दासांना आणि बंडखोरांना द्यावयाची शिक्षा होती, रोमी नागरिकाला सहसा ती दिली जात नसे, हे फिलिप्पैकरांना वेगळे सांगावे लागले नसेल. धर्मशास्त्रात या उतरण्याला आत्मरिक्तीकरण म्हणतात. म्हणजे जे आपल्यापाशी हक्काने आहे ते दुसऱ्यासाठी स्वेच्छेने बाजूला ठेवणे. या व्याख्येत दोन अटी आहेत आणि पुढील सर्व विवेचन त्यांवर उभे आहे. उतरणाऱ्यापाशी उंची असली पाहिजे, आणि उतरणे त्याच्या स्वतःच्या इच्छेने झाले पाहिजे. ज्याला दुसऱ्याने ढकलून खाली पाडले त्याच्या अवस्थेला लीनता म्हणणे हा त्याच्यावरचा दुसरा अन्याय होय.

योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात हीच गोष्ट एका खोलीत, एका संध्याकाळी घडताना दिसते. सर्व काही आपल्या हाती दिलेले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे येशूला ठाऊक होते, असे सांगून लेखक लगेच पुढच्या कृती एकेक करून नोंदवतो: तो भोजनावरून उठतो, बाह्यवस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. आधी स्वतःच्या थोरवीची पूर्ण जाणीव आणि मग ते गंगाळ, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्याला आपण कोण हे पक्के ठाऊक आहे त्यालाच ते सिद्ध करण्याची गरज उरत नाही. त्या बारा जणांत यहूदा होता आणि त्याचेही पाय धुतले गेले. पेत्र मात्र पाय मागे घेतो, आणि त्याचा हा नकार वरकरणी नम्रतेचा वाटला तरी त्याला सेवा स्वीकारण्याचा संकोच आहे. उपकार करणे सोपे असते, दुसऱ्यापुढे गरजवंत म्हणून बसणे कठीण असते. (पवित्र गुरुवारी वसईपासून गोव्यापर्यंत चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुण्याचा विधी होतो, आणि त्या पायांवर बहुधा धूळही नसते. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी हा विधी रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात केला, तेव्हा बारा जणांत मुली होत्या आणि मुसलमानही होते. काहींना ते रुचले नाही. पण विधीला त्याचा मूळ अर्थ परत मिळाला तो तेथेच.)

आता साधनेचा विचार. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठासाठी जी नियमावली लिहिली तिच्या सातव्या प्रकरणात लीनतेच्या बारा पायऱ्या आहेत आणि त्यांवर शतकानुशतके भाष्ये झाली आहेत. परंतु त्या पायऱ्यांपेक्षाही नियमावलीतील काही साधी, व्यवहाराची कलमे अधिक बोलकी आहेत. स्वयंपाकघरातील सेवा प्रत्येकाने आठवड्याआठवड्याने आळीपाळीने करावी. शनिवारी पाळी संपवणाऱ्याने रुमाल धुवावेत, त्याने आणि पुढच्या पाळीकऱ्याने मिळून सर्वांचे पाय धुवावेत, आणि भांडीकुंडी स्वच्छ व शाबूत कोठीप्रमुखाच्या हवाली करावीत. एखादा कुशल कारागीर आपल्या कसबामुळे मठाचा फायदा होतो म्हणून फुगू लागला, तर त्याला त्या कामावरून काढावे, मग मठाचा तोटा झाला तरी चालेल. महत्त्वाचा निर्णय घ्यावयाचा असेल तेव्हा मठाधिपतीने सर्वांना बोलवावे, कारण पुष्कळदा देव उत्तम ते लहानाला सुचवतो. लीनता मनात उत्पन्न होईल याची वाट पाहत बेनेडिक्ट बसत नाही. तो हाताला काम देतो, कामाचा वार ठरवतो, आणि मन मागून येईल असा भरवसा ठेवतो.

तरीही बारा पायऱ्यांपैकी एक पायरी आजच्या वाचकाला अडखळवते, ती म्हणजे आपण सर्वांहून हीन आहोत असे अंतःकरणापासून मानणे. रोमी सरदाराच्या घरातून आलेल्या तरुणाला ही पायरी औषधासारखी होती. शिवाय दासकुळातून आलेल्यापेक्षा स्वतंत्र घरातल्याला केवळ जन्मामुळे वरचे स्थान देऊ नये, अशी ताकीद त्याच नियमावलीत असल्यामुळे मठात ही पायरी सर्वांना सारखीच लागू होती. पण हीच शिकवण मठाबाहेर आली, मालकाने दासाला, पुरुषाने स्त्रीला, गोऱ्या मिशनऱ्याने देशी ख्रिस्ती माणसाला, वरच्या जातीतून आलेल्याने खालच्या मानलेल्या जातीतून आलेल्याला सांगितली, तर तिचे काय होते?

या ठिकाणी पंडिता रमाबाईंचे चरित्र साक्षीला उभे राहते. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंना संस्कृत विद्या आईकडून मिळाली. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि बहीण यांचे अन्नान्न दशेत निधन झाले. भावासोबत पायी देश पालथा घालीत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या आणि तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वैधव्यानंतर, १८८३ मध्ये, लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. वाँटेजच्या अँग्लिकन मठातील सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता झाल्या. त्या नात्यात जिव्हाळा होता यात संशय नाही. पण थोड्याच काळात पत्रापत्रांतून खटके उडू लागले. त्रैक्याचा सिद्धांत रमाबाईंच्या बुद्धीला पटेना आणि न पटलेले त्या मान्य करीनात. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नको, असे त्यांनी विचारले. चेल्टनहॅमच्या विद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न आला तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, आणि रमाबाईंनी ती हरकत मानण्यास नकार दिला. भारतातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेली मान दुसऱ्या तशाच जोखडाखाली घालणार नाही, या आशयाचे त्यांचे उत्तर स्वच्छ आणि ठाम होते. वाँटेजच्या दृष्टीने या सर्वांचे निदान एकच होते: हा गर्व आहे, हा हट्ट आहे, नवख्रिस्ती स्त्रीला शोभणारी लीनता येथे नाही.

हे निदान बरोबर होते का? न्यायबुद्धीने पाहावयाचे तर सिस्टर जेराल्डिन यांची काळजी खोटी नव्हती. ज्या परंपरेत त्या वाढल्या तिच्यात आज्ञापालन आणि लीनता ही एकाच नाण्याच्या दोन बाजूंसारखी मानली जात, आणि रमाबाईंना विद्येचा अभिमान मुळीच नव्हता असे कोण म्हणेल? पण निदान करणाऱ्यांनी एक गोष्ट तपासली नाही. जे रमाबाईंकडे मागितले जात होते ते स्वेच्छेने उतरणे होते, की इंग्रजी चर्चच्या चौकटीत बसणे होते? ख्रिस्तापुढे वाकणे आणि बिशपापुढे वाकणे यांत फरक करणाऱ्याला गर्विष्ठ ठरवले, तर मग स्वतः येशूने मुख्य याजकांपुढे आणि पिलातापुढे जे केले त्याला काय म्हणावे? स्त्रीने, जित देशातल्या स्त्रीने, विधवेने प्रश्न विचारला की तो गर्व, आणि तोच प्रश्न ऑक्सफर्डच्या पदवीधराने विचारला की ती जिज्ञासा, असे दुहेरी माप ज्या मंडळीत चालते तिथे गर्व आहे हे खरे. मात्र तो मापाऱ्याच्या मनात आहे.

आरोपाचे खरे उत्तर रमाबाईंनी वादातून दिले नाही. ते त्यांच्या पुढील आयुष्यात सापडते. हिंदुस्थानात परतल्यावर त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू केलेले शारदा सदन हे निवासी विद्यालय मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. त्यानंतर काही वर्षांनी रमाबाईंच्या मनात एक मोठी उलथापालथ झाली, आणि १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी असे नमूद केले की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळालेला नव्हता. विदुषीची ही कबुली साधी नाही. कोणाही बिशपाने ती मागितलेली नव्हती; तर्काने धर्म जिंकता येतो, पण कृपा मात्र हात पसरूनच घ्यावी लागते, हे त्यांना स्वतःला उमगले होते. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. ज्या बाईने स्वतःच्या माणसांना भुकेने मरताना पाहिले होते ती मध्य प्रांतात गेली, आणि कोणत्या जातीची, कोणत्या गावची हे न विचारता शेकडो मुलींना घेऊन आली. रमाबाईंनी केडगावला उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये त्या मुली शेती करू लागल्या, विणू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. शारदा सदनापासून मुक्तीपर्यंतचा हा प्रवास आत्मरिक्तीकरणाच्या दोन्ही अटी पुऱ्या करतो: उंची होती, आणि उतरणे स्वेच्छेचे होते.

शेवटच्या कामात तर हे अधिकच स्पष्ट दिसते. उतारवयात, ऐकू येणे कमी होत गेले असताना, रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले. सभांमध्ये संस्कृतात वाद करणारी ही पंडिता आता आपली सगळी विद्या अशासाठी खर्च करीत होती की नुकतीच अक्षरे गिरवायला शिकलेल्या, खेड्यातून आलेल्या बाईला ते पुस्तक वाचताना अडू नये. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. अखेरच्या दिवसांपर्यंत हे काम चालू होते, आणि ते मुक्तीच्या छापखान्यात मुक्तीतल्याच स्त्रियांच्या हातून छापले गेले.

हा प्रश्न रमाबाईंपुरता राहत नाही. १९१० च्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत भारतीय धर्मसेवक व्ही. एस. अझरिया यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले की तुमचा त्याग मोठा आहे, पण आम्हांला तुमच्याकडून मैत्री हवी आहे. म्हणजे दात्यालाही खाली उतरावे लागते, आणि पैसा देण्यापेक्षा ते अवघड असते. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभारतात, तेव्हा त्यांच्याही मनात हेच असते. आणि एकमेकांच्या पाया पडणारे वारकरी ज्याने लहानपणापासून पाहिले त्याला ही भाषा परकी वाटणे शक्य नव्हते. पण मराठी मंडळीचे आत्मपरीक्षण येथे संपू नये. नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती माणसे ज्या समाजांतून आली त्यांना शतकानुशतके वाकणे सक्तीने शिकवलेले होते, आणि ख्रिस्तमंदिरात त्यांना प्रथम ताठ उभे राहता आले. त्यांच्या नातवंडांना मंडळीच्या सभेत हिशेब विचारला म्हणून नम्रतेची आठवण करून देणे हे शास्त्राचे उलटे वाचन आहे. आधी ज्याच्या हाती तिजोरीची किल्ली आहे त्याने बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणे सर्वांत लहानाचे म्हणणे ऐकून घ्यावे, ज्याचे नाव बाकावर कोरलेले आहे त्याने प्रीतिभोजनानंतर भांडी घासावीत. ही साधना आजच, कोणत्याही मंडळीत, सुरू करता येण्याजोगी आहे.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. रमाबाई आणि वाँटेज यांच्यातील पत्रव्यवहार आज वाचता येतो, कारण तो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. पण ती पत्रे मुळात जपली आणि संकलित केली ती सिस्टर जेराल्डिन यांनी. त्यांत त्यांच्या उपदेशाला रमाबाईंनी दिलेली तिखट उत्तरे आहेत, वाचकाचे मत त्यांच्याच विरुद्ध जाईल अशी पाने आहेत. ही पाने गाळता आली असती, पण ती गाळलेली नाहीत. त्याच संग्रहात पुढच्या काळातील रमाबाईंची पत्रेही आहेत, आणि त्यांत आपल्या या जुन्या धर्ममातेला त्या प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणून हाक मारतात.